कॅन्सर पेशंटसाठी वस्तीत व्यायामगट सुरू करताय? मग आधी हे, नंतर ते

मला येणारे फोन बहुतेक एकाच वळणाचे असतात. "हॉल मिळालाय, पंधरा जण तयार आहेत, सोमवारपासून सुरू करतोय. कुठले व्यायाम घेऊ?" मी विचारते, फाईली बघितल्या का? कोणाची केमो चालू आहे? कोणाच्या हाडात आजार आहे? मग समोरचा माणूस गप्प होतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण क्रम चुकलेला असतो. व्यायाम कुठले हा प्रश्न सहावा आहे आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रातल्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा असा गट घेते. खालचा क्रम त्या हॉलमध्ये चुका करत करत बसलेला आहे. तुमच्याकडे जागा वेगळी असेल, माणसं वेगळी असतील, तरी क्रम बदलू नका.

१. आधी माणसं ठरवा, मग वार ठरवा

गट चालवायला फिजिओथेरपिस्ट हवाच. योगशिक्षक किंवा जिम ट्रेनर सोबत असतील तर उत्तम, पण फाईल वाचून "हे नको" म्हणणारं माणूस पहिल्या दिवसापासून हवं. सात-आठ पेशंटमागे एक जाणकार आणि किमान एक मदतनीस, हे प्रमाण ठेवा. पंधरा जण तयार असतील तर दोन तुकड्या करा. मदतनीस म्हणून उपचार संपून वर्ष-दोन वर्षं झालेल्या ताई-दादांना विचारा. नव्याने आलेल्या मावशी मला जे सांगत नाहीत ते त्यांना सांगतात.

गटाच्या नावात आणि हॉलबाहेरच्या फलकावर 'कॅन्सर' हा शब्द टाकायचा की नाही, हे पेशंटना विचारून ठरवा. मुलीचं लग्न जमायचंय म्हणून आजार शेजाऱ्यांनाही न सांगितलेली माणसं आपल्याकडे आजही आहेत. फलकावरच्या एका शब्दापायी ती हॉलची पायरी चढणार नाहीत.

२. फाईल बघा आणि डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचा कागद आणा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. पेशंट म्हणतात, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," आणि आपण ते पुरेसं धरतो. किंवा 'व्यायामास हरकत नाही' अशी एका ओळीची चिठ्ठी मागतो. त्या चिठ्ठीतून काहीच कळत नाही. डॉक्टरांना मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं.

म्हणून नेमके प्रश्न छापा. ओपीडीच्या गर्दीत अर्ध्या मिनिटात खुणा करता येतील एवढाच कागद हवा, दोन पानी फॉर्म कोणी भरत नाही. आमच्या कागदावर एवढंच आहे:

- हाडात आजार पसरलाय का? असल्यास कुठल्या हाडात?
- हृदयावर परिणाम करणारं औषध दिलंय का? शेवटचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला, हृदयाचं पंपिंग किती?
- केमो किंवा रेडिएशन चालू आहे का? पुढची तारीख काय?
- ऑपरेशन कधी झालं? किती वजन उचलायला मनाई आहे, कधीपर्यंत?
- काखेतल्या किंवा मानेतल्या गाठी (लसीका ग्रंथी) काढल्या आहेत का? कुठल्या बाजूच्या?
- अडचण आली तर कोणाला फोन करायचा?

फाईल स्वतः वाचा. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, शेवटचं स्कॅन. 'मेट' किंवा 'मेटास्टॅसिस' (म्हणजे आजार दुसरीकडे पसरलाय) असा शब्द दिसला की थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. हे सगळं बोलणं नातेवाइकांसमोर मोठ्याने करू नका. कधी पेशंटला आजार किती पसरलाय हे माहीत नसतं, कधी घरच्यांना नसतं.

*तपासून घ्या:* कागद हातात नसेल तर पेशंटला पहिल्या दिवशी बसून बघू द्या, चहा द्या, ओळख करून द्या. व्यायाम पुढच्या वेळी.

३. हॉल पेशंटच्या पायांनी चालून बघा

तळमजला, जवळ स्वच्छ संडास, आत कडी लागणारं दार. ओटीपोटावर रेडिएशन झालेल्यांना आणि पोटावर पिशवी (ऑपरेशननंतर संडास किंवा लघवीसाठी लावलेली) असलेल्यांना संडास लांब असेल तर ते येणंच बंद करतात आणि कारण सांगत नाहीत. खुर्च्या हलक्या प्लास्टिकच्या असतील तर भिंतीला टेकवूनच लावा. उदबत्ती, धूप, ताजं फिनेल काही नको. केमोतल्या माणसाला त्या वासाने उलटी होते.

आता चपलांबद्दल. आपल्याकडे हॉलबाहेर चपला काढायची रीत आहे आणि आमच्या हॉलमध्ये तर तशी पाटीच होती. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधांनी हातापायाची बोटं बधिर होतात. अशा एका काकूंना मी अनवाणी चालवलं. गुळगुळीत फरशी होती आणि कोपऱ्यात पावसाचं थोडं पाणी आलं होतं. त्या पडल्या नाहीत, मदतनीस ताईंनी दंडाला धरलं. पण नंतर तळवा बघितला तर टाचणीएवढं काच रुतलेलं, आणि काकूंना पत्ताच नव्हता. तेव्हापासून प्रत्येकाचे आत घालायचे बंद बूट वेगळे, तळ पुसून कपाटात ठेवलेले. केंद्राच्या मंडळींनी कारण ऐकल्यावर पाटीखाली दुसरी ओळ लिहून दिली. मागायला संकोच करू नका.

सामान फार लागत नाही. बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, थर्मामीटर, मास्क, ओआरएस, ग्लुकोज, भिंतीवर १०८ आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर. वजनांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पुरतात, एक बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो.

४. पहिल्या दिवशी फक्त मोजमाप

पहिला तास व्यायामाचा नाही. प्रत्येकाची ही चार मापं घेऊन रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा.

*खुर्चीतून उठणं:* हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं.

*उठून चालून परत बसणं:* खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. सेकंद मोजा. वळताना पाय अडखळतात का, तेही लिहा.

*६ मिनिटांत चाललेलं अंतर:* हॉल लहान असेल तर बाहेरच्या पॅसेजमध्ये खडूने खुणा करा. मध्ये थांबलं तरी चालतं, घड्याळ मात्र चालू राहू द्या.

*हाताचा घेर:* काखेतल्या गाठी काढलेल्यांसाठी, कारण त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. दोन्ही हात, मनगटापाशी आणि कोपराच्या १० सेंटिमीटर खाली व वर, दर वेळी त्याच जागी, त्याच टेपने. दोन्ही हातांत २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला तर सूज धरून डॉक्टरांना कळवा.

तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यासाठी पाचवं माप ठेवा, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जबडा आखडलाय असं धरतात. बीपी घेताना पट्टा गाठी काढलेल्या बाजूला बांधू नका, दुसऱ्या हाताला बांधा.

५. दर वेळी आधी विचारपूस, हाच तासाचा गाभा

हॉलच्या दारात एक खुर्ची. पेशंट आत यायच्या आधी तिथे बसतो आणि आपण विचारतो. आठ जणांना पंधरा मिनिटं लागतात. उशीर झाला म्हणून हे कधीही गाळू नका. व्यायामाचा अर्धा भाग गाळला तर काही बिघडत नाही.

काय विचारायचं: कालची रात्र कशी गेली? खाल्लं काय, किती वाजता? उलटी, जुलाब? ताप? कुठे नवीन दुखतंय? श्वास लागतो का? हातपाय जास्त बधिर झालेत? केमो कधी झाली? शेवटचा रक्ताचा रिपोर्ट बघू.

"कसं आहे?" असं विचारलं की "बरं आहे" हेच उत्तर येतं. आपल्या माणसांना त्रास सांगायचा म्हणजे दुसऱ्याला त्रास दिल्यासारखं वाटतं. म्हणून नेमकं विचारा. आमच्याकडे एक मावशी महिनाभर "पाठ जरा भरून आलीय" म्हणत होत्या. मी समजले स्नायू आखडलाय, आणि त्यांना पुढे वाकायला लावत राहिले. त्यांच्या लेकीने सांगितलं की रात्री दुखण्याने जाग येते. तेव्हा कुठे मी डॉक्टरांना फोन केला. मणक्यात आजार निघाला. वेळेवर उपचार झाले, मावशी आजही येतात. पण तो महिना माझ्या डोक्यातून जात नाही. 'रात्री दुखण्याने जाग येते का' हा प्रश्न आता दारातल्या तक्त्यावर सगळ्यात वर आहे.

*आज व्यायाम नाही, असं केव्हा म्हणायचं:*

- ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. केमो चालू असेल तर घरी नाही, सरळ हॉस्पिटलमध्ये. या तापाला थांबून बघायचं नसतं.
- प्लेटलेट २० हजारांच्या खाली. २० ते ५० हजारांमध्ये फक्त सावकाश चालणं आणि बसून सैल हालचाली, वजन नाही.
- हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.
- एका पोटरीला अचानक सूज किंवा दुखणं. रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, शेकू नका, दाखवा.
- छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर.
- २४ तासांत जोराच्या उलट्या किंवा जुलाब.

*सावधान:* पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, मांड्यांमध्ये बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही दिसलं तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

अजून एक. दर तीन आठवड्यांनी केमो असेल तर डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. "पेशी कमी झाल्यात" असं पेशंट म्हणतात ते हेच दिवस. त्या काळात त्यांना गर्दीत बोलावू नका. घरी चालायला सांगा आणि फोनवर विचारपूस करा. गटातल्या इतर कोणालाही सर्दी-खोकला असेल तर त्याने यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे नंतर कोणाला वाईट वाटत नाही.

६. आता व्यायाम

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१९ साली आलेल्या शिफारशींमध्ये गाठायचं माप साधारण असं आहे: आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं मध्यम जोराचा चालण्यासारखा व्यायाम, २ वेळा ताकदीचा व्यायाम, त्यात प्रत्येक प्रकार ८ ते १५ वेळा, दोन फेऱ्या, आणि हे किमान ८ ते १२ आठवडे. हे जिथे पोचायचं ते ठिकाण आहे. पहिल्या आठवड्यात हे मागितलंत तर तिसऱ्या आठवड्यात हॉल रिकामा.

तासाची मांडणी आमच्याकडे अशी असते. विचारपूस झाल्यावर १० मिनिटं खुर्चीत बसून मान, खांदे, घोटे मोकळे करणं. मग चालणं, सुरुवातीला ५-५ मिनिटांचे दोन टप्पे, मध्ये बसणं. मग १५ मिनिटं ताकद: खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकून ढकलणं, टाचा उचलणं, बाटली धरून कोपर वाकवणं, रबरी पट्टा मागे ओढणं. मग तोल: खुर्चीची पाठ धरून एका पायावर, मदतनीस शेजारी. शेवटी सावकाश ताण आणि शांत श्वास.

जोर किती हवा ते यंत्रावर बघत बसू नका. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे मोजायला लावा, श्वास आपोआप चालू राहतो.

*नेहमीची चूक:* सगळ्यांना एकत्र सूर्यनमस्कार, कपालभाती, भस्त्रिका. निरोगी माणसांच्या वर्गातून उचलून आणलेला हा क्रम इथे चालत नाही. मणक्यात आजार, पोटाचं ताजं ऑपरेशन, पोटावरची पिशवी, वाढलेलं बीपी, यांपैकी काहीही असेल तर जोराचे श्वास आणि खोल वाकणं टाळा. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, आणि भ्रामरी, एवढं बहुतेकांना जमतं.

७. कोणाला काय वेगळं

रजिस्टरमध्ये नावापुढे रंगीत टिकली लावा. माणसाच्या छातीवर बिल्ला नको.

स्तनाच्या कॅन्सरनंतर "त्या हाताने काही उचलू नका" हे बायकांना इतक्या वेळा सांगितलेलं असतं की पाण्याचा तांब्या उचलायलाही त्या घाबरतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथरीन श्मिट्झ यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरनंतर हाताच्या सुजेचा त्रास असलेल्या १४१ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली अगदी कमी वजनापासून सावकाश चढत गेलेल्या बायकांच्या हाताची सूज वाढली नाही, सूज चिघळण्याचे प्रसंग उलट कमी झाले. तेव्हा अर्ध्या किलोपासून सुरुवात करा, दाबाची बाही (सूज आवरायला हातावर घालतात ती घट्ट बाही) असेल तर घालूनच. हात जड वाटला, अंगठी रुतली, की थांबा आणि घेर मोजा.

तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली जाऊ शकते. खांदा खाली पडतो, हात कडेने वर जात नाही. लोकांना वाटतं हा आळस करतोय. त्या हाताला वर ओढू नका. खांद्याची पाती मागे जवळ आणणं, टेबलावर हात सरकवणं, इथून सुरुवात करा. गालाला छातीचा स्नायू लावलेला असेल तर ती बाजू ढकलण्यात कमी पडेल. जबड्यासाठी पायातलं हाड घेतलेलं असेल तर तोल आणि घोटा आधी बघा. हे फाईलमध्ये असतं, चेहऱ्याकडे बघून कळत नाही. जबड्याचे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा, पण ते घरी. या पेशंटना सगळ्यांसमोर तोंड उघडायला लावू नका, लाळ गळते आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हाडात आजार असलेल्यांना गटातून काढू नका. उड्या, झटका, पाठ वाकवून पिळणं, आणि त्या हाडावर भार, एवढं बंद. बाकी खुर्चीतले व्यायाम आणि तोल त्यांना इतरांपेक्षा जास्त लागतो, कारण त्यांचं पडणं महागात जातं.

लाल रंगाचं सलाईन म्हणजे डॉक्सोरुबिसिन, किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांच्या हृदयाकडे लक्ष ठेवा. धाप, घोट्यांना सूज, रात्री उशी उंच लागणं, यातलं काही नवीन असेल तर टूडी इको होईपर्यंत फक्त सावकाश चालणं.

पोटावर पिशवी असेल तर तासाआधी ती रिकामी, पोटावर जोर नाही, आणि वजन सर्जननी लिहून दिलं तेवढंच. ऑक्झालिप्लॅटिन चालू असणाऱ्यांना डोसनंतरचे काही दिवस थंडी झोंबते. थंडीच्या दिवसांत सकाळी सातचा तास त्यांना नको आणि माठातलं गार पाणीही नको, कोमट द्या.

८. वाढवायचं केव्हा

एकच खूण लक्षात ठेवा: दुसऱ्या दिवशीची सकाळ. उठताना नेहमीपेक्षा जास्त गळाल्यासारखं वाटलं तर कालचं जास्त झालं, पुढच्या वेळी पाव भाग कमी. सलग दोन वेळा १५ वेळा सहज झालं आणि दुसरी सकाळ चांगली गेली, तर एक पायरी वर. आधी वेळा वाढवा, मग फेऱ्या, वजन सगळ्यात शेवटी. केमोच्या आठवड्यात एक पायरी खाली येणं ठरलेलंच धरा, म्हणजे ते अपयश वाटत नाही.

नुकसान बहुतेक वेळा चांगल्या दिवशी होतं. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा बरं वाटलं म्हणून एका काकूंनी एका दिवसात चकल्याही केल्या आणि माळाही झाडला. पुढचे चार दिवस अंथरुणात. चांगल्या दिवसासाठीही मर्यादा आधीच ठरवून द्या: १५ मिनिटं म्हणजे १५च.

९. घरचं वेळापत्रक आणि घरची माणसं

आठवड्यातून दोन तास पुरत नाहीत, चालण्याचा उरलेला भाग घरी होतो. १० मिनिटांचं चालणं दिवसातून दोनदा, कॅलेंडरवर खूण. घरातल्या एकाला गटात एकदा बसवा. "आराम कर, मी करते" म्हणणारी सून किंवा मुलगा प्रेमानेच म्हणतात, पण दिवसभर झोपून स्नायू झिजतात आणि अशक्तपणा वाढतो. पेशंट उठून बसू शकतो तोवर ताट वाढायला त्याला बोलवा, एवढं त्यांना सांगा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळ आणि निरोप. रिपोर्ट टाकायचे नाहीत, काढे आणि उपाय फिरवायचे नाहीत. हे पहिल्याच दिवशी कडकपणे सांगा.

१०. बारा आठवड्यांनी, आणि जे आले नाहीत त्यांचं

१२ आठवड्यांनी तीच चार मापं त्याच जागी घ्या आणि आकडे पेशंटच्या हातात द्या, एक प्रत डॉक्टरांना. केमो चालू असताना आकडा तेवढाच राहिला तरी तो चांगला निकाल आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. मापं घसरली असतील तर व्यायाम वाढवू नका, आधी कारण शोधा: हिमोग्लोबिन, खाणं, झोप, नवीन दुखणं.

दोन वेळा न सांगता गैरहजर राहिलेल्याला त्याच संध्याकाळी फोन करायचा. कोण करणार हे नावानिशी ठरवा. "का आला नाहीत" असं विचारायचं नाही, "काय लागतंय का" असं विचारायचं. बऱ्याचदा कारण रिक्षाचे पैसे किंवा गळलेले केस एवढंच असतं, आणि त्यावर गटात कोणी ना कोणी वाट काढतं.

आणि गटातलं कोणी गेलं, तर ती बातमी ग्रुपवर टाकू नका. पुढच्या तासाला सगळे खुर्च्यांवर बसले की समोर सांगा, मग आज व्यायाम घ्यायचा का, हे त्यांनाच विचारा. आमच्याकडे आजवर प्रत्येक वेळी "घ्या" असंच उत्तर आलंय. त्या दिवशी आम्ही फक्त चालतो, त्यांची खुर्ची तशीच भिंतीला लावलेली असते.